उरलेल्या अन्नाचे मोल शिकवणाऱ्या काकूंस

आदरणीय काकू,
सादर नमस्कार.

यजमानांच्या अंबड येथील कारखान्यातील जादा कामाचे तास बंद झाल्यापासून महिनाअखेर आमच्या घरी जी ओढाताण होत होती, तिच्यातून आपण आम्हाला सावरलेत. आमच्या ओट्यापाशी उभ्या राहून आपण मला स्वयंपाकाची जी शिस्त लावलीत, तिच्याबद्दल आपले जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

रात्री झाकपाक करताना काय उरले ते पाहायचे आणि त्यावरूनच सकाळचा बेत ठरवायचा, हा आपला पहिला नियम. वाटीभर आमटी उरली, तर तिच्यात मावेल तेवढीच कणीक, मूठभर बेसन, ओवा आणि तीळ घालून, पाण्याचा थेंबही न घालता गोळा मळायचा. मीठ-मसाला आमटीतच असल्यामुळे धपाट्यांना वेगळे काही लागत नाही आणि मुलांचे डबे भरतात. शिळ्या पोळ्या आपण मला कधीच मिक्सरमध्ये फिरवू दिल्या नाहीत. हाताने जाडसर कुस्करून, शेंगदाणे व कांद्याच्या फोडणीत परतून, वर ताकाचा हबका मारून झाकणाखाली एक वाफ आणली की कुस्करा मऊ होतो, पण त्याचा लगदा होत नाही. मटकीची उसळ तर मी आता मुद्दाम थोडी जास्त करते, कारण दुसऱ्या दिवशी तिच्यावर झणझणीत रस्सा, फरसाण आणि सोबत दही-पापड आले की नाशिककराला रविवारी मिसळीसाठी बाहेर जाण्याचे कारण उरत नाही, आणि पाच माणसांचा तो खर्च वाचतो.

बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारातून भाजी आणतानाही मुळा पाल्यासकट घ्यावा, दोडक्याच्या शिरा तीळ आणि सुक्या खोबऱ्याबरोबर परतून चटणीला वापराव्यात, हे आपणच सांगितलेत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातील घरांमधून वाया जाणाऱ्या अन्नाचा अंदाज माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो दिला आहे. त्या हिशेबाने आमच्यासारख्या पाच जणांच्या घराचे पावणेतीनशे किलो होतात, आणि त्यातले किती पैसे देऊन आणलेले असते, हे घरखर्चाची वही लिहिणाऱ्या कोणालाही समजेल.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते मात्र आपण टाकून द्यायला शिकवलेत ते. परिचारिका म्हणून केलेल्या नोकरीच्या अनुभवातून आपण बजावलेत की, शिजवलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलाच पाहिजे; बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात आणि भात बाहेर राहिला तर त्यांपासून तयार होणारे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. त्यामुळे एप्रिल-मेच्या उकाड्यात रात्रभर ओट्यावर राहिलेला भात फोडणीला न टाकता फेकून देताना आता माझा हात अडखळत नाही. काटकसरीपायी कोणाचे पोट बिघडले, तर वाचलेले सारे पैसे औषधातच जायचे.

या महिन्यात किराण्याची उधारी न करता आम्ही अखेर गाठली आणि मुलीच्या सहलीचे पैसे वेळेवर भरले. आपले मनःपूर्वक आभार.

आपली कृतज्ञ शेजारीण,
इंदिरानगर, नाशिक