आईने खोडलेली ओळ

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

आपण हर्णैला आमच्या घरी येऊन गेलात त्याला दोन महिने झाले. त्या दिवसाबद्दल आपले आभार मानायचे राहून गेले होते, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे. फोनच्या माध्यमातून कुटुंबांपर्यंत मानसिक आरोग्यसेवा कशी न्यावी आणि तिच्यातून कोणी वगळले जाऊ नये यासाठी संशोधकाने काय शिकावे, हे समजावण्यासाठी आपण विद्यार्थ्यांना वर्गातून उठवून आमच्या पडवीत आणून बसवलेत.

माझ्या भावाच्या मानसिक आजाराला अकरा वर्षे झाली. तीन वर्षांपूर्वीही असेच एक पथक टॅब घेऊन आले होते. शेजारच्या बायका मासळी वाळत घालत असताना त्यांनी भर अंगणात आईला नैराश्य तपासणारे नऊ प्रश्न विचारले, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन असे गुण दिले, बेरीज केली आणि ‘आम्ही फोन करू’ असे सांगून ते निघून गेले. तो फोन आजतागायत आलेला नाही. ‘गेल्या दोन आठवड्यांत आपणास निरुत्साह वाटला का’ या प्रश्नावर आई गप्प राहिली, तेव्हा त्यांनी तिच्या वतीने ‘नाही’वर बोट टेकवले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

आपण तोच प्रश्न विद्यार्थिनीला वेगळ्या शब्दांत विचारायला लावलात. वडील मासेमारीला जातात, त्यामुळे आमच्या घरात आठवड्यांचा हिशेब नसतो. दिवस मोजायचे ते तिथीवर, समुद्राचे उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) पाहून. ‘पुनवेपासून या अवसेपर्यंत कशात जीव रमला का?’ असे विचारताच आई जी बोलू लागली ती थांबेना. घरात फोन एकच असून तो बहुतेक वेळ वडिलांबरोबर होडीवर असतो, हेही आपण त्या मुलांना नोंदवून घ्यायला सांगितलेत. टेलिमानस या सरकारच्या मोफत मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पण सगळ्यांच्या वापरातल्या फोनवरून तो लावला की नंतर यादीत दिसत राहतो, या भीतीनेच कित्येक बायका तो लावत नसतील, ही गोष्ट आमच्या घरी तोवर कोणी बोलून दाखवली नव्हती.

परंतु हे पत्र लिहायला बसवले ते त्यानंतरच्या दहा मिनिटांनी. बोलणे ध्वनिमुद्रित करायला आईने आधीच होकार दिला होता आणि कागदावर अंगठाही उठवला होता. एवढ्यावर काम आटोपून दुसरा कोणीही उठला असता. आपण मात्र फोन तिच्या मांडीवर ठेवलात आणि म्हणालात, “आई, आता तुमचंच बोलणं ऐका. नको वाटेल ते सांगा.” स्वतःचा आवाज आईने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला. तोंडाला पदर लावून ती ऐकत राहिली आणि एका ठिकाणी तिने हात वर केला. “येवढं नको. हे माझं नाय, त्याचं हाय. त्याला नाय विचारलं.” ती माझ्या भावाबद्दल बोलत होती.

आपण तेवढा तुकडा तिच्यासमोर कापलात, तो गेल्याची पुन्हा ऐकवून खात्री करून दिलीत आणि विद्यार्थिनीच्या वहीतली ती ओळ खोडण्यासाठी पेन आईच्याच हाती दिलेत. आईने त्यापूर्वी कधी पेन धरलेले नव्हते. तिने ती ओळ इतकी दाबून खोडली की पुढच्या पानावर वण उठला.

संशोधनाच्या दृष्टीने तेच वाक्य मोलाचे होते, असे एक विद्यार्थी हळूच म्हणाला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला दिलेला गोपनीयतेचा हक्क इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही लागू आहे, असे आपण त्याला सांगितलेत. आणि कायदा नसता तरी ती ओळ आपण खोडू दिली असतीत, हेही त्याच दमात सांगितलेत. शिकलेली माणसे आमच्या दारी येतात ती बहुधा घाईत असतात आणि आमच्या भल्याचे काय ते ठरवून आलेली असतात. आपल्यासारखी, समोरच्याचा ‘नको’ ऐकण्यासाठी थांबणारी माणसे भेटली की अकरा वर्षांत माणसांवरचा उडालेला विश्वास थोडा परततो. त्या मुलांनी आपल्याकडून आणखी काही शिकले नाही तरी हे थांबणे शिकावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

भाऊ त्या वेळी माजघरात होता आणि दाराआडून सगळे ऐकत होता, हे मला नंतर कळले. गेल्या आठवड्यात त्याने आपण होऊन विचारले, “त्या बाई परत येणार हायत काय?” पुढच्या तुकडीशी तो स्वतः बोलायला तयार आहे. त्याची अट एवढीच आहे की बोलताना फोन त्याच्या हातात असावा.

आपली कृतज्ञ,
त्याची बहीण