मॅडम, स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग) अकराला नेल्याबद्दल थँक्यू

मॅडम,

तोंडावर सांगायला गेलो तर तुम्ही "अरे ते राहू दे, आधी तो बग बघ" म्हणून विषय बदलाल, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, एका वेळी चार तास, आणि स्लॉट सकाळचा, म्हणजे त्यांना कोथरूडमधे सोडायचं, मशीन लागेपर्यंत थांबायचं आणि मग हिंजवडी फेज थ्रीचं ऑफिस गाठायचं, चांदणी चौक ते वाकड काय असतं ते पुण्यात कोणाला सांगायला नको. आधीच्या कंपनीत मॅनेजरने यावरून अख्ख्या टीमसमोर विचारलं होतं, "घरात दुसरं कोणी नाही का?" नाही हो, बाबांना न्यायला नाहीये दुसरं कोणी. आणि तेव्हाच तिथे वेलनेस वीक चालू, लिफ्टपाशी योगाची पोस्टर्स, प्रत्येकाच्या डेस्कवर स्ट्रेस बॉल! अजून संताप होतो.

तुम्हाला मी बाबांचं सांगितलं, सकाळी उशीर होईल म्हटलं, तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. संध्याकाळी ग्रुपवर मेसेज, "उद्यापासून स्टँडअप साडेनऊऐवजी अकराला, मला सकाळी जमत नाहीये." मला! मॅडम, तुम्ही नऊला जागेवर असता हे आम्हाला माहीत नाही का? कुठे माझं नाव नाही, बाबांचा विषय नाही, सगळं स्वतःवर घेऊन मोकळ्या. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "कुणाची रे ही लेक, विचार तरी."

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मधे बर्नआउट हा कामाच्या ठिकाणच्या ताणातून होणारा त्रास म्हणून नोंदवला, २०२२ मधे तर मॅनेजर लोकांना मानसिक आरोग्याचं ट्रेनिंग द्या असंही सांगितलं. द्याच, खूप गरज आहे. पण चार लोकांत समोरच्याची लाज राखायची, आणि राखली हे त्याला जाणवूही द्यायचं नाही, हे घरून घेऊन आलेलं असावं लागतं. पगार, कॅन्टीन, पिकअप सगळं ठीक, पण माणूस सकाळी पोटात गोळा घेऊन निघतो की नाही हे वरचा माणूस कसा आहे त्यावरच ठरतं, मी दोन्ही बघितलंय.

आईने तुम्हाला घरी जेवायला बोलावलंय. रविवारी या, रविवारी बाबांचं डायलिसिस नसतं, त्यांनाही तुम्हाला भेटायचंय.