पेन्सिल आणि खोडरबर हातात देणाऱ्या लॅबमधल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी सी लँग्वेजच्या प्रॅक्टिकलला दोन व्हेरिएबलच्या, म्हणजे मेमरीतल्या नाव दिलेल्या जागांच्या, किमतींची अदलाबदल करायची होती. ए मध्ये 7, बी मध्ये 12. मी लिहिलं, ए = बी, आणि खाली बी = ए. स्क्रीनवर आलं 12 आणि 12. परत कंपाइल केलं, परत तेच. शाळेच्या गणितात या दोन ओळींचा अर्थ एकच, त्यामुळे चूक कुठे शोधायची तेही कळेना.

‘तिसरा व्हेरिएबल घे’ असं बॅचमधल्या मुलांनी सांगितलंच होतं. तेवढं लिहून प्रोग्रॅम चाललाही असता. तुम्ही मात्र जर्नलच्या कोऱ्या पानावर दोन चौकोन काढलेत, त्यांत पेन्सिलने आकडे लिहायला लावलेत आणि म्हणालात, “आता कॉम्प्युटर तूच. पहिली ओळ चालव.” मी 7 वर काट मारायला गेले तर थांबवलंत. “काट नाही, रबराने पूस. मेमरीत जुनं काही दिसत नाही.” पुसलं, तिथे बी मधला 12 लिहिला. “आता दुसऱ्या ओळीसाठी सात कुठून आणशील?” पानावर सात नव्हताच. शेजारी तिसरा चौकोन मी माझ्या हाताने काढला. त्यानंतर ‘टेम्प’, म्हणजे तो तिसरा व्हेरिएबल, कधी पाठ करावा लागला नाही.

दुसरी आठवण सिलेक्शन सॉर्टची, म्हणजे दर वेळी उरलेल्यांतला सर्वांत लहान आकडा शोधून अदलाबदलीने पुढच्या जागी आणत यादी क्रमाने लावण्याची. तिसऱ्या व्हेरिएबलशिवाय अदलाबदल कशी करायची, हे तोंडी परीक्षेत हमखास विचारतात, म्हणून बेरीज-वजाबाकीची युक्ती (ए = ए + बी, बी = ए - बी, ए = ए - बी) मी अदलाबदलीच्या फंक्शनमध्ये घातली होती. 3, 9, 5 दिले की उत्तर यायचं 0, 5, 9. तुम्ही पर्स खांद्याला लावून घरी निघाला होतात, तरी बसलात. सर्वांत लहान 3 आधीच आपल्या जागी होता, म्हणून फंक्शनला मेमरीतले दोन्ही पत्ते एकाच जागेचे जात होते, ए आणि बी एकच होत होते. तुम्ही या वेळी एकच चौकोन काढलात. 3 + 3 केले, 6 झाले. त्याच चौकोनातून तोच चौकोन वजा केला, 0. मला अजून ते पान डोळ्यांसमोर दिसतं. ती युक्ती मी नंतर कधीच वापरली नाही. साध्या तिसऱ्या व्हेरिएबलला असा धोका नसतो, आणि बेरीज इंटच्या, म्हणजे सी मधल्या पूर्णांकाच्या, 2147483647 या कमाल मर्यादेपलीकडे जाण्याची धास्तीही नाही.

आता मी मुलांना पायथॉन शिकवते. तिथे ए, बी = बी, ए एवढ्यावर काम होतं, कारण उजवीकडच्या दोन्ही किमती आधी घेतल्या जातात. तरी पहिल्या तासाला मी पेन्सिल आणि खोडरबर आणायला सांगते. परवा एका मुलीने सात पुसला आणि हात तसाच ठेवून विचारलं, “मॅडम, सात गेला ना आता?”

तेव्हा तुमची फार आठवण आली. जर्नलवर सही सरांची असायची, तुमचं नाव कुठेच नसायचं. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. ताई, मनापासून आभार.

तुमची,
खिडकीजवळच्या मशीनवरची विद्यार्थिनी