कारणे द्यायला शिकवणाऱ्या बाईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

मालवणात निवास-न्याहारीचा व्यवसाय करणाऱ्या आम्हा मंडळींचा पाहुण्यांशी होणारा इंग्रजी पत्रव्यवहार बहुतांशी कारणे देण्यातच खर्ची पडतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात का बंद असतात, जुलैत ताजी सुरमई का मिळत नाही, आगाऊ रक्कम परत का करता येणार नाही, हे सारे कोणाचेही मन न दुखावता लिहावे लागते. बिकॉज, सिन्स, अ‍ॅज आणि फॉर या चारही शब्दांपुढे शब्दकोशात जवळजवळ एकच अर्थ दिलेला असताना त्यांतला कोणता कुठे शोभतो, हे आपण निवृत्तीनंतरचा आपला वेळ देऊन मला समजावलेत, त्याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे.

'सगळीकडे बिकॉज लिही' असे सांगूनही आपल्याला मोकळे होता आले असते. त्याऐवजी आपण बुकिंगची वही पुढे ओढलीत आणि प्रत्येक पत्राबाबत एकच विचारलेत : हे कारण पाहुण्याला आधीपासून ठाऊक आहे का? पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते, हे दिल्लीच्या पाहुण्याला बहुधा माहीत नसते. त्याच्यासाठी हे कारणच बातमी असते, म्हणून ते वाक्याच्या शेवटी, बिकॉजने जोडून द्यायचे. पण जो पाहुणा जुलैतल्या तारखा स्वतःच कळवतो, त्याला त्या तारखांची बातमी देण्यात काय अर्थ? त्याला 'सिन्स यू आर कमिंग इन जुलै' अशी सुरुवात करून, किल्ला दुरूनच पाहावा लागेल, ही खरी नवी गोष्ट मुख्य वाक्यात सांगायची. कारण उघड असले की ते आधी उरकून घ्यावे, या आपल्या सल्ल्याने माझी पत्रे आखूडही झाली. मात्र पाहुण्याने थेट 'व्हाय?' असे विचारले, तर त्याच्या उत्तराची सुरुवात बिकॉजनेच होते; तिथे सिन्स किंवा अ‍ॅज चालत नाही.

अ‍ॅजच्या बाबतीत आपण जरा कठोर आहात, आणि तो कठोरपणा मला पटतो. 'अ‍ॅज द बोट वॉज लीव्हिंग, वी रॅन टू द जेटी' या वाक्यात होडी सुटत होती म्हणून धावलो की ती सुटत असताना धावलो, हे वाचणाऱ्याने ठरवायचे. सिन्सलाही काळाचा अर्थ आहेच : 'सिन्स द रेन स्टार्टेड, द गेस्ट्स हॅव स्टेड इन्डोअर्स' यात पाऊस हे घरात बसण्याचे कारण आहे की तेव्हापासूनचा नुसता हिशेब? जिथे असा दुहेरी अर्थ निघून पैशांचा किंवा तारखांचा घोळ होण्याचा संभव असेल, तिथे नियम बाजूला ठेवून सरळ बिकॉज लिहावे, असे आपण बजावलेत. बिकॉजही अगदीच निर्धोक नाही, हे दाखवायला आपण 'वी डिड नॉट कॅन्सल युअर रूम बिकॉज यू वेअर लेट' हे वाक्य वहीत लिहिलेत. खोली रद्द केली, पण उशीर हे त्याचे कारण नव्हे, असा एक अर्थ. उशीर झाला म्हणूनच आम्ही खोली रद्द केली नाही, असा दुसरा. नकारार्थी वाक्यापुढे बिकॉज आला की आता माझा हात आपोआप थबकतो.

फॉरचा धडा मला सर्वांत अधिक आवडला, जरी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निरोपात तो शब्द फारच भारदस्त वाटतो असे माझे मत अजून कायम आहे. 'द सी मस्ट बी रफ, फॉर ऑल द बोट्स हॅव कम इन' हे आपले उदाहरण. होड्या परत आल्या म्हणून काही समुद्र खवळत नाही. त्या परतलेल्या पाहून आपण तसा तर्क करतो. घटनेचे कारण एक आणि आपल्या बोलण्याला असलेला आधार दुसरा, हा भेद इतक्या सहजपणे मला कोणी दाखवला नव्हता. या अर्थाचा फॉर नेहमी मागाहून येतो, त्याने वाक्याला आरंभ करता येत नाही, हेही मग वेगळे पाठ करावे लागले नाही : आधी विधान, मग त्याचा आधार.

बिकॉजने वाक्य सुरू करू नये, ही शाळेत पक्की बसलेली समजूतही आपण दूर केलीत. पुढे मुख्य वाक्य पुरे होत असेल तर काहीच बिघडत नाही. अ‍ॅजने आरंभ करून पुढे पुन्हा सो घालण्याची आपल्याकडची सवय मात्र सोडायला हवी, हे शेजारच्या निवासवाल्यांनाही मी सांगितले आहे.

आपण वहीत लिहून दिलेली वाक्ये मी पाहुण्यांच्या नियमपत्रकासाठी वापरत आहे, त्याला आपली संमती असावी. ड्यू टू आणि बिकॉज ऑफ यांच्याविषयी विचारायचे राहिले आहे. गणपतीची गडबड सरल्यावर आपल्या सवडीने येईन.

आपली कृतज्ञ,
मालवणातील एक निवास-न्याहारी चालक