पैसे दोनदा कापले जाणं थांबलं, त्याबद्दल

प्रिय मॅडम,

बस-तिकिटांचे पैसे दोनदा कापले जाण्याच्या तक्रारी सुरू झाल्या तेव्हा ‘आमच्या बाजूने सगळं ठीक आहे’ म्हणून तुम्ही मोकळ्या होऊ शकला असतात. पेमेंटची सेवा तुमच्या टीमची, बुकिंगची आमची. तुम्ही मात्र दोन्हीकडचे लॉग, म्हणजे कोणत्या क्षणी काय घडलं याच्या नोंदी, शेजारी-शेजारी उघडून बसलात. जाहीरपणे आभार मानतोय, कारण अशी मदत कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही.

लॉगमध्ये जे होतं ते तुम्ही बोट ठेवून दाखवलंत. बुकिंग सेवा ५ सेकंदांनी वाट पाहणं सोडत होती आणि बँकेचं उत्तर तुमच्याकडे ७व्या सेकंदाला पोचत होतं. पैसे कापले गेलेले, पण ते ऐकायला पलीकडे कोणी नाही. उलट तोवर दुसरी विनंती निघालेली. ‘टाइमआउट वाढवा’, म्हणजे वाट पाहण्याची मर्यादा वाढवा, असं बाकी सगळे सांगत होते. तुम्ही म्हणालात, कितीही वाढवा, उत्तर वाटेत हरवणारच कधीतरी. काम झालं की नाही हे कळणार नाही, असं धरूनच कोड लिहा.

एचटीटीपीच्या, म्हणजे वेबवर विनंत्या पाठवण्याच्या, नियमांप्रमाणे पुट (ठेवा) किंवा डिलीट (काढून टाका) या प्रकारची विनंती पुन्हा पाठवली तरी परिणाम एकदाच पाठवल्यासारखा राहायला हवा. पोस्ट या प्रकाराला तशी हमी नाही, आणि पैसे भरण्याची विनंती पोस्टनेच जाते. म्हणून प्रवाशाने ‘पैसे भरा’ दाबताच एक युनिक की, म्हणजे त्या व्यवहाराची एकमेव ओळखखूण, तयार करायची आणि प्रत्येक प्रयत्नात तीच पाठवायची. बँकेला कॉल जाण्याआधी ती ‘चालू’ म्हणून डेटाबेसच्या टेबलात नोंदवायची, युनिक इंडेक्ससकट, म्हणजे तीच की दुसऱ्यांदा नोंदवता येत नाही. तीच की पुन्हा आली आणि काम झालेलं असेल, तर साठवलेलं उत्तर द्यायचं. चालू असेल तर ४०९, म्हणजे आधीच्या विनंतीशी टक्कर होतेय असं सांगणारा कोड. ‘चालू’वरच अडकलेल्या नोंदींसाठी पैसे पुन्हा मागायचे नाहीत, आधी बँकेला त्या व्यवहाराची स्थिती विचारायची. ही शेवटची गोष्ट आमच्यापैकी कुणालाच सुचली नसती.

आणि तो फळ्यावरचा हिशोब! एकामागोमाग तीन सेवा, प्रत्येक जण तीनदा प्रयत्न करणार, म्हणजे शेवटच्या डेटाबेसवर एका क्लिकच्या २७ विनंत्या; त्याही तो आधीच दमलेला असताना. आता पुन्हा प्रयत्न फक्त सगळ्यात वरची सेवा करते, दर वेळी जास्त थांबून आणि त्यात थोडा रँडम वेळ मिसळून, म्हणजे सगळे एकाच क्षणी धडकत नाहीत. किती वेळ उरलाय हे हेडरमधून, म्हणजे विनंतीला जोडलेल्या माहितीतून, खालच्या सेवेला कळतं. वेळ संपला असेल, तर खालची सेवा काम हातीच घेत नाही.

ज्या प्रवाशांचे पैसे अडकायचे, त्यांच्यासाठी ती रक्कम लहान नसते. हे तुम्ही प्रत्येक मीटिंगमध्ये बोलून दाखवलंत, त्याचे खास आभार.

एसएमएसची सेवा अजून राहिली आहे. तिच्याकडे की स्वीकारायची सोयच नाही, त्यामुळे एकाच तिकिटाचे दोन मेसेज जातात. त्यासाठी पुन्हा तुमच्याकडे येणार आहोत.

आपला,
बुकिंग टीममधला एक सहकारी