अकाउंट बंद करा, पण कारण सांगून: सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मंत्रालय, भारत सरकार

सादर नमस्कार.

हे पत्र माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना लिही, असे मला दोघा-तिघांनी सुचवले. पण त्या खात्याच्या नियमांत मी नुसती ‘वापरकर्ता’ आहे, म्हणजे सहलीचे फोटो टाकणाऱ्यांच्याच रांगेतली. ग्राहक व्यवहार खात्याच्या नियमांत मी ‘विक्रेता’, म्हणजे तक्रार जिच्याविरुद्ध करायची ती. मला उद्योग म्हणून ओळखणारे सरकारात एकच खाते आहे, ते आपले. माझ्याकडे उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र आहे, त्यावर आपल्याच मंत्रालयाचे नाव आहे. म्हणून गाऱ्हाणे आपल्याकडे.

मी हाताने शिवलेल्या वह्या-डायऱ्या बनवते आणि सोशल मीडियावरून विकते. मध्यंतरी ऐन हंगामात माझे अकाउंट बंद झाले. ‘आपले अकाउंट आमच्या नियमांचे पालन करत नाही’ एवढाच निरोप होता. कोणता नियम, कोणती पोस्ट, कधीची, काही नाही. अपील करायचे बटण होते. ते दाबले की आधी लॉगिन करा म्हणे. ज्या अकाउंटमध्ये शिरायलाच बंदी, त्यातच शिरून दाद मागायची! दुसऱ्या वाटेने फॉर्म सापडला, ओळखपत्र दिले, मान डावीउजवीकडे वळवून व्हिडिओ दिला. उत्तर इतक्या चटकन आले की ते माणसाने वाचले असणे शक्यच नव्हते: निर्णय अंतिम आहे. पुढे बऱ्याच आठवड्यांनी अकाउंट आपसूक परत आले. तेही कारण न सांगता. तेव्हा माझे वैयक्तिक प्रकरण मिटले आहे, आपल्याकडून मला त्यात काही नको.

अकाउंट गेले की नेमके काय जाते, हे मात्र सांगू द्या, कारण धोरण ठरवणाऱ्यांना फक्त फॉलोअर्सचा आकडा दिसतो. फॉलोअर्स पुन्हा मिळवता येतात. त्या दिवशी माझ्या टेबलावर बांधून तयार असलेली पार्सले होती आणि त्यांचे पत्ते बंद पडलेल्या चॅटमध्ये होते. कुणाच्या डायरीवर काय नाव घालायचे, तेही तिथेच. पैसे यूपीआयने आधीच आले होते. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये पाठवणाऱ्याचे नाव आणि रक्कम दिसते. घरचा पत्ता दिसत नाही. शिवाय खाते नवऱ्याचे आणि ऑर्डर बायकोची, असे निम्म्या वेळा असतेच. मी स्टेटमेंट आणि आठवण समोरासमोर ठेवून नावे जुळवत बसले. पलीकडे त्या ग्राहकांना काय दिसले असेल? पैसे घेतले आणि पेज गायब. ऑनलाइन भामटे अगदी असेच वागतात. म्हणजे फसवणूक रोखण्यासाठी बसवलेल्या यंत्रणेने एका प्रामाणिक विक्रेतीला ग्राहकांच्या नजरेत ठग ठरवले, आणि खुलासा करायची जी एकमेव जागा होती तीही काढून घेतली.

घरमालकाचे भाडेकरूशी बिनसले, तरी माल आत असताना तो दुकानाला परस्पर कुलूप ठोकू शकत नाही. नोटीस लागते, कोर्ट लागते. आमच्या या गाळ्याला असा कोणताच कायदा लागू नाही.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘स्वतःची वेबसाइट काढा’. काढली आहे, आणि सल्ला योग्यच आहे. डोमेन माझ्या नावावर आहे. एका कंपनीशी पटले नाही तर ते दुसरीकडे हलवायची ठरलेली पद्धत आहे, आणि .इन डोमेनवर कुणी हक्क सांगितलाच तर ती नावे सांभाळणाऱ्या नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाच्या धोरणानुसार प्रकरण लवादासमोर जाते. एका साध्या नावाला इतके संरक्षण! पण गिऱ्हाईक वेबसाइटवर आपोआप येत नाही. ते रील पाहून येते, स्टेटस पाहून येते, कुणीतरी डीएममध्ये लिंक टाकली म्हणून येते. घर स्वतःचे झाले, रस्ता अजून त्यांचाच आहे. आपल्या ‘टीम’ योजनेतून पाच लाख सूक्ष्म व लघु उद्योगांना ओएनडीसीवर, म्हणजे सरकारच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या खुल्या ऑनलाइन विक्रीजाळ्यावर, आणायचे ठरले आहे, त्यात निम्मे महिलांचे. विक्री एकाच ॲपच्या दावणीला बांधलेली नसावी, हा त्यामागचा विचार मला मनापासून पटतो. पण ओएनडीसीवर माल मांडला, तरी तो आहे हे लोकांना कळवायला पुन्हा सोशल मीडियाचाच आधार. उद्योजकता प्रशिक्षणांत आम्हाला डिजिटल मार्केटिंग शिकवतात. पोस्ट बूस्ट कशी करायची ते सांगतात. अकाउंट उडाले तर काय करायचे, यावर एक तास कुठल्या वर्गात ठेवलेला मी पाहिला नाही.

कायदा अजिबातच नाही, असे मी म्हणत नाही. २०२१ च्या आयटी नियमांनुसार ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या सोशल मीडिया कंपनीने स्वतःहून मजकूर काढला, तर कारण कळवून म्हणणे मांडायची संधी द्यायची असते. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही, तर जानेवारी २०२३ मध्ये स्थापन झालेल्या तक्रार अपील समित्यांकडे ३० दिवसांत जाता येते, आणि समितीनेही ३० दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असे नियम म्हणतो. व्यवस्था चांगली आहे. पण ती मजकूर डोळ्यांपुढे ठेवून घडवलेली आहे, धंदा नव्हे. आधी कंपनीकडच्या तक्रारीची मुदत, मग अपिलाची. तोवर हंगाम संपतो आणि पार्सले पडून राहतात. ग्राहक मंचाची वाटही अवघड, कारण व्यापारी हेतूने घेतलेली सेवा ग्राहकाच्या व्याख्येबाहेर राहते. जाहिरातीचे पैसे भरले, तरी आम्ही ग्राहक नाही.

युरोपीय संघाने हाच प्रश्न व्यवसायाचा म्हणून हाताळला. तिथला २०१९ चा नियम जुलै २०२० पासून लागू आहे. व्यावसायिकाची सेवा थांबवायची असेल तर लेखी कारण द्यावे लागते, आणि ती कायमची बंद करायची असेल तर किमान ३० दिवस आधी. जपाननेही बड्या डिजिटल मंचांच्या (प्लॅटफॉर्मच्या) पारदर्शकतेचा कायदा फेब्रुवारी २०२१ पासून लागू केला. या कंपन्या तिथेही त्याच आहेत, सॉफ्टवेअरही तेच आहे. तिथे जमते ते इथे जमणार नाही, असे कुणी सांगितले तर ते मानायला मी तयार नाही.

आणि दुबळ्या बाजूला कायद्याचा हात देणे आपल्या मंत्रालयाला नवे नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्याने मोठ्या खरेदीदाराला ४५ दिवसांत पैसे चुकते करायला बांधले. थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि दाद मागायला सुविधा परिषद. तो कायदा करताना संसदेने एक गोष्ट ओळखली होती: लहान पुरवठादार मोठ्या गिऱ्हाइकाशी भांडू शकत नाही, कारण उद्या पुन्हा त्याच्याच दारात जायचे असते. आमचे आणि या मंचांचे नाते हुबेहूब तसेच आहे. हे पत्र लिहितानाही मी कंपनीचे नाव घेतलेले नाही, ते उगाच नाही.

म्हणून मागणी अशी की उद्यम नोंदणी असलेल्या विक्रेत्याचे व्यावसायिक अकाउंट बंद करताना नियमाचा क्रमांक आणि आक्षेपार्ह पोस्ट कळवणे सक्तीचे व्हावे, आणि अपील माणसाने वाचावे. उद्यम प्रमाणपत्र आधार आणि पॅनशी जोडलेले असते, त्यावर क्यूआर कोड असतो. ओळख पटवायला मंचांनी तेच ग्राह्य धरावे, म्हणजे मान हलवून व्हिडिओ द्यायची वेळ येणार नाही. भामट्यांवर तत्काळ कारवाई हवीच, अकाउंट त्या क्षणी गोठवा. माझी त्याला हरकत नाही, कारण त्यांच्यामुळे बदनाम आम्हीच होतो. पण गोठवलेल्या अकाउंटमधल्या चालू ऑर्डरी आणि पत्ते मालकाला उतरवून घेता आले पाहिजेत. यातले बाकी काही लांबले तरी चालेल. हे एक लांबवू नका. त्यात कंपनीचे काही जात नाही आणि पैसे भरून बसलेल्या ग्राहकाचा जीव भांड्यात पडतो.

नियम माहिती तंत्रज्ञान खात्याला करायचे आहेत, याची मला कल्पना आहे. पण ते करताना टेबलावर आमच्या बाजूने कुणीतरी बसलेले असावे. ते आपल्या खात्याचे माणूस असावे, इतकेच.

आपली,
उद्यम नोंदणी असलेली एक वही बांधणारी

ता. क. मंचांनी आपले नियम राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत उपलब्ध करून द्यायचे असतात. ते मराठीत मिळतात, भाषांतर अगम्य असले तरी मिळतात. मला आलेला अकाउंट बंदीचा निरोप आणि अपिलाचा फॉर्म मात्र इंग्रजीत होता. नवे नियम लिहिताना हे दोन कागदही आपल्या भाषांत देणे सक्तीचे करता आले तर पाहावे.