हरलेली टीम मोडू नका

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात खेळाच्या पानावर तळाला चार ओळींची बातमी होती, इथल्या एका कॉलेजची बास्केटबॉलची पोरं झोनल स्पर्धेत पहिल्याच मॅचला दुप्पट पॉइंटनी हरली म्हणून, आणि वर हेडिंग काय तर 'नामुष्की'. हरली ती हरली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी स्वतः त्या दिवशी टेबलवर स्कोअरशीट लिहायला होतो, आपल्या पोरांच्या रकान्यात पेन टेकवायची वेळ फारशी आलीच नाही हे खरंय. पण बातमी आल्यावर तिसऱ्या दिवशी कानावर आलं की टीमच बंद करायचं चाललंय, रिझल्ट नाही तर खर्च कशाला, आणि कोर्टावर टू-व्हीलर लावायला शेड टाकायचं. कॉलेजचं नाव लिहीत नाही, उगाच पोरांच्या मागं लागतील.

आता मी जे सांगणार आहे ते सांगलीचं नाही, अमेरिकेतलं आहे. माझा भाचा तेव्हा तिकडं व्हर्जिनियात नोकरीला होता, त्याच्यामुळं मला हा नाद लागला. तिकडं कॉलेजच्या बास्केटबॉलची देशपातळीवरची स्पर्धा मार्चमध्ये असते, ६८ टीम, चार गट, प्रत्येक गटात एक ते सोळा नंबर लावतात आणि पहिल्या नंबरच्या टीमची पहिली मॅच सोळाव्या नंबरशी, म्हणजे पाटलाच्या पोराची कुस्ती पाहुण्याच्या पोराशी लावल्यासारखं, निकाल आधीच ठरलेला. पुरुषांच्या स्पर्धेत २०१८ च्या त्या मॅचआधी अशा १३५ मॅच झाल्या होत्या आणि १३५ च्या १३५ पहिल्या नंबरनं मारल्या होत्या.

२०१८ साली व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीची टीम नुसत्या गटात नाही, अख्ख्या देशात एक नंबर होती. १६ मार्चला समोर आली यूएमबीसी, बाल्टिमोरजवळचं कॉलेज, त्यांचं नाव तोवर कशासाठी तर बुद्धिबळासाठी! (बुद्धिबळाच्या पडसलगीकर सरांच्या सांगलीत बसून हे वाचलं तेव्हा मला मनातल्या मनात जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.) हाफटाईमला २१-२१. आणि पुढच्या वीस मिनिटांत बुद्धिबळवाल्यांनी ५३ पॉइंट ठोकले. व्हर्जिनिया म्हणजे देशात सगळ्यात कमी पॉइंट देणारी टीम, भल्याभल्यांना अख्ख्या मॅचमध्ये ५३ होताना तोंडाला फेस यायचा, तिला एका हाफमध्ये ५३. फायनल स्कोअर ७४-५४. इतिहासात पहिल्यांदा सोळाव्यानं पहिल्याला पाडलं, तेही वीस पॉइंटनी.

आता ही नामुष्की नाही तर काय? तिकडं पण लोकांनी काही बोलायचं शिल्लक ठेवलं नाही. कोच टोनी बेनेट, त्याची खेळायची पद्धत आधीच लोकांना कंटाळवाणी वाटायची, सावकाश खेळायचं, घाई नाही, बॉलवाल्याला एकानं चिकटायचं आणि बाकीच्या चौघांनी रिंगच्या जवळ आत दाटीवाटीनं उभं राहायचं, समोरच्याला घुसायला वाटच द्यायची नाही. ही त्याच्या बापानं बसवलेली पद्धत. सगळे म्हणायला लागले, मार्चमध्ये ही चालत नाही, बदला. काइल गाय म्हणून त्यांचा एक गार्ड होता, मॅच संपल्यावर हा गुडघ्यावर हात टेकून वाकलाय आणि मागं समोरची टीम नाचतेय असा त्याचा फोटो सगळीकडं फिरला, तर त्या पोरानं तोच फोटो स्वतःच्या मोबाईलवर लावला. रोज फोन उघडला की तेच.

आणि युनिव्हर्सिटीनं काय केलं? काही केलं नाही. कोच तोच, पद्धत तीच, पोरं बहुतेक तीच. डिआंड्रे हंटर मनगट मोडल्यामुळं त्या मॅचला नव्हता तो परत आला, हा त्यातल्या त्यात मोठा फरक.

पुढच्या सीझनला त्यांनी फक्त तीन मॅच घालवल्या, त्यातल्या दोन ड्यूककडून. मार्च आला, परत गटात एक नंबर, परत पहिली मॅच सोळाव्या नंबरशी, गार्डनर-वेब. आणि पहिल्याच हाफमध्ये चौदा पॉइंटनी मागं! त्या दहा मिनिटांत त्या पोरांच्या पोटात काय झालं असेल ते ज्यानं कधी जर्सी घातली त्यालाच कळेल. पण त्यांनी ती मॅच ७१-५६ नं काढली. पुढं परड्यू युनिव्हर्सिटीशी तीन पॉइंटनी मागं, ५.९ सेकंद बाकी, फाउलचे एकेका पॉइंटचे दोन फ्री थ्रो, एक पडला, दुसरा चुकला, व्हर्जिनियाच्या डायकिटेनं उडी मारून बॉल नुसता मागं ढकलला, तो गेला पार आपल्याच अर्ध्या कोर्टात. फर्स्ट इयरचं पोरगं, किहाय क्लार्क, उंची पाच फूट नऊ इंच, आपल्या इथल्या कुठल्याही पोराएवढी, पळत जाऊन बॉल धरला, तिथून लांब पास परत डायकिटेलाच, त्यानं बझरच्या आत सोडला. टाय. ओव्हरटाईमला जिंकले.

सेमीफायनल ऑबर्नशी. आपल्याकडं पाडव्याची रात्र, पहाटे पावणेचारला भाच्याचा व्हिडिओ कॉल, त्यानं फोन टीव्हीसमोर धरलेला आणि मी इकडं गावभागात हॉलमधली लाईट न लावता बसलेलो, बायको उठली तर श्रीखंडावरनं आधीच बोलणी खाल्ली होती त्यात ही भर. दोननं मागं, ०.६ सेकंद बाकी, कोपऱ्यातनं थ्री-पॉइंटर टाकताना फाउल, तीन फ्री थ्रो. टाकणारा कोण तर तोच फोटोवाला गाय. जर्सी वर ओढून तोंड झाकून उभा. पहिला पडला, दुसरा पडला, स्कोअर सारखा, तेवढ्यात ऑबर्ननं टाईमआउट घेतला, मुद्दाम, पोराचा हात थंड पडावा म्हणून. तिसरा पण पडला. ६३-६२. (त्याच्या आधी व्हर्जिनियाच्या जेरोमचा डबल ड्रिबल, म्हणजे बॉल दोन्ही हातांत धरून परत टप्पा मारायची चूक, रेफ्रीनं सोडून दिली होती हेही लिहून ठेवतो, टेबलवर बसणाऱ्या माणसानं एका बाजूचं सांगू नये. आणि ०.६ सेकंद म्हणाल तर आमच्या इथल्या मॅचचं घड्याळ म्हणजे मोबाईलचं स्टॉपवॉच, मध्येच कुणाचा कॉल आला की टाईम गेला.)

फायनल आपल्या ९ एप्रिलच्या सकाळी, टेक्सास टेकशी. शेवटच्या काही सेकंदांत हंटरनं कोपऱ्यातनं थ्री घालून ६८-६८ केलं, ओव्हरटाईममध्ये बारा फ्री थ्रो मिळाले आणि बाराच्या बारा घातले. ८५-७७. त्यांचं पहिलं विजेतेपद. माझा चहा तसाच गार झाला होता. पुढं त्या कोचला पगारवाढ देऊ केली तर त्यानं नको म्हणून सांगितलं, उलट बायकोसकट पाच लाख डॉलर खेळाडूंच्या करिअरच्या कामाला दिले.

कुणी म्हणेल एकदा झालं, नशीब. तर २०२३ ला परड्यूचंच तसं झालं, पहिल्या नंबरवर असताना सोळाव्या नंबरच्या फेअरली डिकिन्सनकडून हरले, कोच त्यांनीही बदलला नाही आणि २०२४ ला फायनलला पोचले. आत्तापर्यंत पुरुषांत दोनच टीमवर ही वेळ आली आणि दोन्ही पुढच्याच वर्षी फायनल खेळल्या.

आपल्याकडं पैसा नाही, इनडोअर नाही, स्कॉलरशिप नाही, सगळं मान्य. माझं म्हणणं पैशाचं नाहीच. हरलेली पोरं पुढच्या वर्षी तीच ठेवायला कुठं पैसा लागतो? आमच्या वेळी १९८९ ला आम्ही पण असेच पहिल्या मॅचला हरून एसटीनं परत आलो होतो, पी.टी.च्या सरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बोलावलं आणि कुणाला काही न बोलता फक्त ले-अप, म्हणजे पळत येऊन रिंगजवळनं बॉल टाकायचे, मारायला लावले, डावा हात, उजवा हात, दीड तास. पुढच्या वर्षी आम्ही चॅम्पियन वगैरे झालो नाही, दोन मॅच जिंकलो. त्या वर्षीच्या स्कोअरशीट मी जपून ठेवल्या होत्या, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा ट्रंकेसकट गेल्या.

या झोनलच्या टीममध्ये सेकंड इयरची सात पोरं आहेत, म्हणजे पुढच्या वर्षी सगळी हाताशी. शेडचा निर्णय अजून कागदावर आलेला नाही असं कळतं. आपला एखादा बातमीदार संध्याकाळी साडेपाचनंतर कोर्टावर पाठवा, चारच ओळी लिहा पण बघून लिहा. पोरं अजून येतायत. दोन्ही रिंगना जाळ्या नाहीत, बॉल पडला का चुकला यावरनं रोज भांडणं होतात, जाळ्यांची जोडी मी कोल्हापूरहून मागवलीय, शनिवारी बांधणार आहे. शिडी तेवढी कॉलेजनं द्यावी.

आपला,
एक जुना खेळाडू, गावभाग, सांगली